घरातलं नाव, पाकिटावरचा पत्ता

वांद्रे पूर्वेला, खेरवाडीत, एक आजोबा आणि त्यांची नात राहत होती. आजोबा टपाल खात्यात सॉर्टर होते. अडतीस वर्षं पत्रं खणांत टाकून 2008 साली निवृत्त झाले. नात संगणकाचं शिकली आणि बीकेसीतल्या एका कचेरीत कामाला लागली. आठवड्यातले दोन दिवस ती घरूनच काम करी. तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका बाजूला तिचा लॅपटॉप आणि दुसऱ्या बाजूला आजोबांचं शब्दकोडं, अशी वाटणी असे.

एकदा तिच्याकडे एक काम आलं. मुंबईच्या पावसाच्या जुन्या नोंदी कोणालाही बघता येतील असं पान बनवायचं. हवामान खात्याची शहरातली दोन मुख्य केंद्रं म्हणजे कुलाबा आणि सांताक्रूझ. वर केंद्र निवडायचं, खाली तारीख निवडायची, की त्या दिवसाचा पाऊस मिलिमीटरमध्ये दिसेल. मॅडमनी सांगितलं होतं, "आधी दोन केंद्रं घे. जमलं तर पुढे वाढवू."

चार दिवसांत पान उभं राहिलं. नातीने लॅपटॉप आजोबांकडे वळवला.

"आजोबा, कुठलीही तारीख सांगा."

"26 जुलै 2005," आजोबा म्हणाले. वांद्र्यात राहणारा माणूस दुसरी कुठली तारीख सांगणार?

"पाऊस सकाळी साडेआठला मोजतात," नात म्हणाली, "म्हणून त्या दिवसाची नोंद 27 तारखेच्या खाली येते." तिने सांताक्रूझ निवडलं, तारीख निवडली. चौकोनात आकडा उमटला: 73.

आजोबांनी पेन खाली ठेवलं.

"त्या दिवशी मी दादरहून चालत आलो. लोकल बंद. कलानगरला पाणी इथवर." त्यांनी कमरेवर हात ठेवला. "मिठी नदी रस्त्यावर आली होती. घरी पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती आणि तुझी आजी जिन्यात उभी होती. तुझं पान म्हणतं, 73?"

नातीने मूळ फाइल उघडली. तिथे स्पष्ट होतं: सांताक्रूझ 944, कुलाबा 73. शहर एक, दिवस एक, आणि दोन आकड्यांत एवढी तफावत. फाइल बरोबर होती, पान चुकलं होतं. सांताक्रूझच्या चौकोनात कुलाब्याचा पाऊस पडत होता.

चूक सापडायला अर्धा तास लागला. नात आर भाषेत काम करी आणि पान उभं करायला शायनी नावाचा सांगाडा वापरी. पानावर जे जे दाखवायचं, त्याला एक नाव द्यावं लागतं आणि ती सगळी नावं एकाच यादीत जातात. तिने सांताक्रूझच्या चौकोनाला नाव दिलं होतं 'पाऊस'. मग तोच मजकूर उचलून कुलाब्यासाठी चिकटवला, केंद्र बदललं, नाव तसंच राहिलं. यादीत एका नावाला एकच जागा. मागाहून आलेला 'पाऊस' आधीच्या 'पाऊस'वर जाऊन बसला. यंत्राने तक्रार केली नाही, कारण त्याच्या लेखी काही बिघडलंच नव्हतं.

"दोघांची नावं एकच पडली," ती म्हणाली. "बदलते."

तिने एकाला 'सांताक्रूझपाऊस' केलं, दुसऱ्याला 'कुलाबापाऊस'. आकडा 944 झाला. आजोबांनी मान हलवली आणि शब्दकोडं पुन्हा पुढ्यात ओढलं.

दोन दिवसांनी दुसरीच तक्रार आली. ज्या दिवशी नोंदच नाही, त्या दिवशी पान शून्य दाखवत होतं. पाऊस न पडणं आणि पाऊस न मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी. नातीने ते सुधारलं, पान वर चढवलं आणि जेवायला बसली. संध्याकाळी तीच तक्रार पुन्हा. तिने सांताक्रूझचा मजकूर सुधारला होता, कुलाब्याची नक्कल तशीच राहिली होती.

"आणि मॅडम म्हणतात, आता आणखी केंद्रं घेऊ," ती कपाळाला हात लावून म्हणाली. "दहा केंद्रं म्हणजे दहा नकला. एक चूक दहा ठिकाणी शोधायची."

आजोबा म्हणाले, "मग एकच ठेव ना. तेच दहा ठिकाणी वापर."

"तेच तर करायचंय. त्याला मॉड्यूल म्हणतात. एकदा लिहायचा, हवा तिथे बसवायचा. पण त्याच्या आत नाव काय लिहू? 'सांताक्रूझपाऊस' लिहिलं तर तो कुलाब्याला चालणार नाही. नुसतं 'पाऊस' लिहिलं तर पुन्हा सगळे एकमेकांच्या डोक्यावर बसतील."

आजोबा हसले. "तुझ्या वर्गात तुझ्या नावाच्या किती जणी होत्या?"

"तिघी."

"मग बाई हजेरी कशी घ्यायच्या?"

"वडिलांचं नाव लावून."

"आणि घरी?"

"घरी नुसतं नाव. आई पूर्ण नावाने हाक मारते ती फक्त रागावल्यावर."

"मग झालं तर," आजोबा म्हणाले. "घरात साधं नाव पुरतं. वर्गात गेल्यावर वडिलांचं नाव लागतं, आणि ते हजेरीपटावर बाई लावतात. तुझ्या नावात काही फरक पडत नाही. गावांचंही तसंच. महाराष्ट्रात वडगावं किती आहेत! वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव निंबाळकर, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द. पण वडगावातला माणूस शेतातून घरी निघाला की म्हणतो, गावात चाललो. बुद्रुक आणि खुर्द हे बाहेरच्यांच्या सोयीचं."

नात थोडा वेळ गप्प बसली. मग लॅपटॉप जवळ ओढला.

तिने 'केंद्र' नावाचा एकच मॉड्यूल लिहिला. आत चौकोनाचं नाव नुसतं 'पाऊस', तारखेचं नाव नुसतं 'दिवस'. मॉड्यूल बसवताना मात्र ती त्याला सांगे, तू सांताक्रूझ, तू कुलाबा. शायनीत यासाठी एनएस नावाची सोय आहे. ती आतल्या नावापुढे बाहेरचं नाव मधे आडवी रेघ देऊन जोडते. त्यामुळे यादीत गेलं 'सांताक्रूझ-पाऊस' आणि 'कुलाबा-पाऊस'. आतल्या मजकुराला मात्र आपण कुठे बसलो आहोत याचा पत्ताच नव्हता. नोंद नसलेल्या दिवसाची चूक आता एकाच जागी सुधारली आणि दोन्हीकडे सुधारली.

"याला आम्ही प्रीफिक्स म्हणतो," ती म्हणाली.

"आम्ही उपसर्ग म्हणायचो," आजोबा म्हणाले. "व्याकरणातला उपसर्ग वेळेवर लावला की दुसऱ्या अर्थाचा उपसर्ग होत नाही."

पुढच्या आठवड्यात मॅडमनी आणखी एक पान सांगितलं: महिन्याच्या पावसाचा आलेख. तिथेही तारीख निवडायची होती. नातीने आता नक्कल केली नाही. तारखेचा भाग 'केंद्र'मधून कापून काढला, त्याचा स्वतंत्र 'तारीख' मॉड्यूल केला आणि तो 'केंद्र'च्या आत बसवला. मॉड्यूलच्या आत मॉड्यूल, खणात खण.

पण या तारखेच्या खणाला जुनी खोड राहिली होती. तारीख निवडली की तो स्वतःच फाइलीत जाऊन पाऊस शोधे आणि 'केंद्र'च्या चौकोनात लिहून टाकी. आलेखाच्या पानावर तसा चौकोनच नव्हता, म्हणून तिथे तो अडला.

"तुमचा पोस्टमन पाकीट फोडून आत काय लिहिलंय ते बघायचा का?" नातीने स्वतःच विचारलं.

"बघितलं असतं तर घरी बसवला असता," आजोबा म्हणाले. "त्याने पत्र द्यायचं आणि रजिस्टर असेल तर पोच आणायची. पुढे त्या पत्राचं काय करायचं ते घरवाले बघतील."

नातीने 'तारीख'चं काम कमी केलं. त्याने एकच करायचं: निवडलेला दिवस बाहेर देणं, पोच दिल्यासारखा. त्या दिवसाचा पाऊस शोधायचा की महिन्याचा आलेख काढायचा, हे ज्याने त्याला बसवलं त्याने ठरवायचं. 'तारीख' आता दोन्ही पानांवर चालायला हवा होता.

आलेखाच्या पानावर चालला. 'केंद्र'च्या आत मात्र रुसला. तारखा दिसत होत्या, निवडता येत होत्या, पण खालचा आकडा काही उमटेना. चौकोन रिकामा. लाल अक्षरात चूकही दिसेना. रात्रीचे अकरा वाजले तरी नात त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसली होती.

आजोबा पाणी प्यायला उठले.

"काय म्हणतं तुझं पान?"

"काहीच म्हणत नाही. चुकलं तर निदान ओरडावं तरी!"

आजोबा खुर्ची ओढून बसले. "पत्र गहाळ होतं ना, तेही ओरडत नाही. ज्याने टाकलं त्याला वाटतं पोचलं. ज्याला यायचं तो वाट बघतो. मला एक सांग, हा तारखेचा खण तू कुठे ठेवलास?"

"केंद्राच्या आत."

"आणि त्याच्यावर पत्ता काय लिहिलास?"

नातीने बघितलं. 'केंद्र'मधला बाकीचा भाग पान उघडताच येत होता. तारखेचा भाग मात्र त्या केंद्राच्या नोंदी कुठून कुठपर्यंत आहेत हे कळल्यावर मागाहून काढावा लागे. तो काढताना तिने नुसतं 'तारीख' लिहिलं होतं. मधल्या घराचं नाव जोडायचं राहून गेलं होतं. त्यामुळे पानावरच्या खणाचं नाव होतं 'तारीख-दिवस', आणि त्याची वाट बघणारा आत बसला होता 'सांताक्रूझ-तारीख-दिवस' या पत्त्यावर. टाकणाऱ्याने एका दारात टाकलं, घेणारा दुसऱ्या दारात उभा.

"मधलं नाव गाळलं," ती पुटपुटली.

"म्हणजे पिनचे मधले आकडे गाळले," आजोबा म्हणाले. मग त्यांना झोप उरली नाही. "मी नोकरीला लागलो तेव्हा पिन नव्हता. एकदा एका बाईंची मनीऑर्डर आली. पत्त्यावर नाव, आणि गाव म्हणून नुसतं बोरगाव. जिल्हा नाही, तालुका नाही. मी तरुण होतो, मला वाटायचं माझी गावं पाठ आहेत. ठोकून दिली एका बोरगावला. तीन आठवड्यांनी परत आली, फॉर्मवर दोन बोरगावांचे शिक्के घेऊन. तेव्हा कळलं, पाठांतर कामाला येत नाही. रीत लागते."

"मग पिन आला."

"15 ऑगस्ट 1972. रीत बसवणारा आपलाच माणूस, श्रीराम भिकाजी वेलणकर. रत्नागिरीकडचे. दिल्लीत दळणवळण मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर होते आणि फावल्या वेळात संस्कृतात कविता लिहायचे. त्यांनी सहा आकड्यांत देश बसवला. आपलं बघ, 400051. पहिला 4 म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश हा सगळा पट्टा. दुसऱ्या आकड्याने त्यातला भाग ठरला, तिसऱ्याने छाटणीचा जिल्हा. 400 झालं की मुंबई. उरलेले तीन आकडे म्हणजे पोस्ट. आता यातली खुबी कुठे आहे सांगू? दिल्लीतल्या सॉर्टरला वांद्रे कुठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही. तो 4 बघून थैली इकडे रवाना करतो. मुंबईतला सॉर्टर 400 बघत बसत नाही, तो 051 बघतो. प्रत्येकाने आपल्यापुरते आकडे वाचायचे. पण मधला एक जरी आकडा गळला, तरी सगळ्यांनी आपापलं काम चोख करूनही पत्र पोचत नाही."

नातीने 'केंद्र'मध्ये एक शब्द वाढवला. तारखेचा खण काढताना आता मधलं घर आपलं नाव त्याच्यापुढे लावून देऊ लागलं. चौकोनात आकडा आला.

शेवटी मॅडमनी तिसरं पान सांगितलं. सांताक्रूझ आणि कुलाबा शेजारीशेजारी ठेवून तुलना करायची. नातीच्या पोटात गोळा आला. दोन 'केंद्र' एका 'तुलना'च्या आत, त्या प्रत्येकाच्या आत 'तारीख'. तीन मजले. तिने 'तुलना' लिहायला घेतला आणि वीस मिनिटांत संपवला. त्यात होतं काय? दोन वेळा 'केंद्र' बसवायचं, एकाला म्हणायचं सांताक्रूझ, दुसऱ्याला कुलाबा, आणि दोघांना आपलं नाव लावून द्यायचं. 'केंद्र'च्या आतली एकही ओळ तिला बदलावी लागली नाही. 'तारीख'मधलीही नाही. सगळ्यात आतल्या खणाचा पूर्ण पत्ता झाला 'तुलना-सांताक्रूझ-तारीख-दिवस', पण तो पूर्ण पत्ता कुठल्याही मजकुरात कोणी हाताने लिहिलेला नव्हता. ज्या ज्या दारातून नाव बाहेर आलं, त्या त्या दाराने आपलं नाव जोडलं होतं.

"आतल्यांना कळलंसुद्धा नाही की त्यांच्यावर आणखी एक मजला चढला," ती आजोबांना म्हणाली.

"मुंबईलाही कळलं नव्हतं," आजोबा म्हणाले. "पिनच्या आधी शहराला स्वतःचे आकडे होते. दादर म्हणजे मुंबई 28, वांद्रे म्हणजे मुंबई 50. पिन आला तेव्हा ते आकडे पुसले नाहीत. दादरचं 400028 झालं, वांद्र्याचं 400050. आतला आकडा तोच, बाहेरून नवा जोडला. शहराचे आकडे साधे आणि नेटके होते, म्हणून ते जसेच्या तसे देशाच्या रचनेत बसले. सुरुवातीलाच कोणी प्रत्येक पेठेला लांबलचक नाव दिलं असतं, तर सगळं मोडून पुन्हा मांडावं लागलं असतं."

"इतरांचंही असंच आहे," नात म्हणाली. "पायथॉनमध्ये फ्लास्क म्हणून एक सांगाडा आहे. त्यात एकात एक तुकडे बसवायची सोय 2021 साली आली. तिथे नावं टिंबाने जोडतात. जँगोत विसर्गासारखी दोन टिंबं देतात. आमच्याकडे आडवी रेघ."

"खूण कुठलीही असो," आजोबा म्हणाले. "जोडायची कोणी, हे ठरलं पाहिजे."

तिने तुलनेचं पान उघडून लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. दोन्हीकडे 27 जुलै 2005 निवडलं. डावीकडे उमटलं 944, उजवीकडे 73. आजोबा बराच वेळ डावीकडच्या आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हं. एवढाच होता."

आणि उजवीकडे बोट ठेवून म्हणाले, "कुलाब्याच्या लोकांना त्या रात्री आमचं खरं वाटलं नव्हतं. आता दाखव त्यांना."

तात्पर्य: आत असताना आपलं साधं नाव पुरतं. बाहेर पडताना प्रत्येक दाराने आपलं नाव न विसरता जोडावं, आणि कोणीही दुसऱ्याच्या घरात डोकावू नये. जो तुकडा स्वतःचं घर अंगावर कोरून घेतो, तो त्याच घरात अडकतो. जो फक्त आपलं काम जाणतो, त्याला कुठल्याही घरात जागा मिळते.